सापडलेराव दार लावून शोधतात

आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना सगळी इमारत सापडलेराव म्हणते. नोकरीत असताना ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. कुणाचं काही अडलं की ते आतल्या खोलीत जात आणि थोड्या वेळानं "सापडलं!" म्हणत बाहेर येत. लिफ्टचं दार मध्येच का अडतं, पडद्यावरचा शाईचा डाग कशानं जातो, माझ्या जुन्या रेडिओची कुठली तार कुठं जोडायची, हे सगळं त्यांनीच शोधून दिलं. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या हौशी माणसानं हातानं काढलेली आकृती ते नेमकी हुडकून काढत. घरात इतर बाबतींत त्यांचं फारसं चालत नसे, त्यामुळे हा एवढा मान ते फार जपत.

मग त्यांच्या मोठ्या बहिणीचं कानाचं यंत्र शिट्टी मारू लागलं.

ताई त्यांच्याकडेच राहतात. आई लवकर गेली, तेव्हा भावाला त्यांनीच वाढवलं. शिट्टीला कंटाळून त्यांनी यंत्र डबीत ठेवून दिलं आणि कुणी काहीही बोललं तरी त्या हसून "हो, हो" म्हणू लागल्या. "आत्या, चहा हवा की कॉफी?" असं भाचीनं विचारलं, तरी "हो, हो". पुढे पुढे जेवण झालं की त्या सरळ आपल्या खोलीत जाऊन बसत. गप्पांत बसून करायचं काय?

"एवढं जुनं यंत्र कोण दुरुस्त करणार? नवं घ्या," दुकानदार म्हणाला. ताईंनी नवं लावून पाहिलं आणि काढून ठेवलं.

"यात माणसं डब्यात बसल्यासारखी बोलतात," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाचा आवाज मला ओळखू येत नसेल, तर ऐकून करू काय?"

सापडलेराव आत गेले. जेवायला बाहेर आले, पण "सापडलं!" म्हणाले नाहीत. शिट्टी का वाजते हे कॉम्प्युटरला विचारलं, तर दहा उत्तम यंत्रांची जाहिरात समोर आली. तिच्याखाली एक लेख होता. त्याची सुरुवात 'कान हा मानवी शरीराचा अत्यंत महत्त्वाचा अवयव आहे' अशी होती. असे निबंध मी जन्मभर तपासले आहेत. विषय येत नसला की मुलं असंच सुरू करतात. तोच लेख आणखी बऱ्याच ठिकाणी त्याच चुकांसकट होता. सगळ्यात वर कॉम्प्युटरनं स्वतः तयार केलेलं उत्तर होतं, की शिट्टी वाजवणं हे प्रसन्न मनाचं लक्षण आहे. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना खेळाच्या पंचांच्या शिट्ट्यांच्या जाहिराती येत होत्या.

"पूर्वी असं नव्हतं हो, बाई," ते मला म्हणाले. "आता दुकानदारच दारात उभे. आत शिरूच देत नाहीत. तुमच्या विद्यार्थ्यांत यातलं कळणारं कुणी आहे का? आणि हळू बोला. मी अजून कॉम्प्युटरवरच शोधतोय असं हिला वाटतंय."

माझा एक विद्यार्थी सभागृहांत माईक लावतो. शाळेत मागच्या बाकावरून आवाज करायचा, आता त्याचं पोटच आवाजावर आहे. मी नंबर दिला. सापडलेरावांनी दार लावून घेतलं आणि फोन केला.

"काका, आवाज कुठून तरी गळून परत यंत्रातल्या माईकात शिरत असणार," तो म्हणाला. "पण कुठून, ते माझ्या सासूबाईंना विचारा. त्या असलंच यंत्र लावतात."

सासूबाई फोनवर आल्या आणि पंचाईत झाली. त्यांना कुजबुज ऐकू येईना.

"शिट्टी मारतंय!" सापडलेराव बंद दाराआड ओरडले.

"कोण मारतंय?"

"यंत्र! बहिणीचं!"

बाहेर भाजी निवडत असलेल्या त्यांच्या बायकोनं लेकीकडे पाहिलं. "कॉम्प्युटरलाही कमी ऐकू यायला लागलं वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. घरात हे कुणाला ऐकू गेलं नसेल, तर फक्त ताईंना.

यंत्राचा जो भाग कानात बसतो, त्या साच्याला जोडलेली बारीक नळी जुनी झाली की कडक होते आणि तिथूनच आवाज गळतो, असं सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे नळीचा नवा तुकडा होता. तो त्यांनी जावयाबरोबर पाठवला. सापडलेरावांनी साचा कोमट पाण्यात धुऊन वाळवला, जुनी नळी ओढून काढली, नवी बसवली आणि जुनीइतकीच कापली. हात नकाशे काढणाऱ्याचा, त्यामुळे काम सुबक झालं.

ताईंनी यंत्र कानात घातलं. शिट्टी वाजली नाही.

"वन्सं, चहा टाकू का?" बायकोनं स्वयंपाकघरातून नेहमीच्याच आवाजात विचारलं.

"नको गं. आत्ताच झाला ना?" ताई म्हणाल्या.

सापडलेराव खिडकीशी जाऊन बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"कुठं सापडलं रे हे?" ताईंनी विचारलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. सापडलेरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"एका बाईंना विचारलं," ते म्हणाले. "फोनवर."

"मग लागू पडलं म्हणून कळवलंस का त्यांना?"

कळवलं नव्हतं. कॉम्प्युटरला तसं कधी कळवावं लागत नसे.

"लाव बघू नंबर."

त्यांनी नंबर लावून फोन ताईंच्या हातात दिला. पलीकडच्या बाईंना मोठ्यानं बोलण्याची सवय आणि ताईंना आता सगळंच ऐकायची हौस, त्यामुळे ते बोलणं आमच्या दोन्ही घरांत पोचलं. नळीचा विषय लवकरच मागे पडला आणि गुडघ्यांचा निघाला.

"ताई, मला एक फोन करायचा होता," सापडलेराव म्हणाले.

"थांब रे जरा," ताई म्हणाल्या. "आम्ही बोलतोय ना?"