बांधावरची अकरा मिनिटं

माझ्या धाकट्या भावाला आमच्याच तीन चुलतभावांनी शेताच्या बांधावर मारलं. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या पुढे आमचं गाव आहे. तिथं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाहिलं कुणीच नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त भावानं पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर बसवलेल्या कॅमेऱ्यानं.

पोलीस कॅमेरा घेऊन गेले, पण कॅमेऱ्यात काही साठत नसे. चित्रण घरी येई, माडीवरच्या खोलीत. तिथं भावानं कंपन्यांच्या भंगारातून आणलेले तीन छोटे संगणक ओळीनं मांडले होते. तो बेळगावात नोकरीवर जे काम करी, तेच घरी येऊन हौसेनं करी. एकेका संगणकाच्या पोटात तो आणखी दोन-तीन संगणक उभे करी. त्यांना तो व्हर्च्युअल मशीन म्हणे. मग ती सगळी तो कुबरनेटीस नावाच्या व्यवस्थेच्या ताब्यात देई.

"ह्यो ऊसतोडीचा मुकादम हाय आक्का," तो म्हणायचा. "एक गडी पडला की दुसरा हुबा करतो. रडत बसत न्हाय."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मी हसून पुस्तकात डोकं घालायची.

सुतकात आप्पांनी, आमच्या वडिलांनी, माडीवरचा मेन स्विच खाली पाडला. घरातला माणूस गेला असताना वर यंत्रं गुरगुरत राहू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. खोलीला तेरा दिवस कुलूप होतं. चौदाव्या दिवशी किल्ली घेऊन मी वर गेले आणि भावाच्या कंपनीतल्या मित्राला फोन लावला.

"आक्का, बटण दाबलं न्हाई न्हवं?"

"न्हाय अजून."

"हातबी लावू नका. सात दिवसांपेक्षा जुनं रेकॉर्डिंग पुसायचा हुकूम त्यानं देऊन ठेवलाय. चालू केलासा की राहिलेलं पुसणं पयलं व्हतंय."

मी जिन्यात बसले. वीज चालू राहिली असती, तर माझ्या भावाचं मरण आठव्या दिवशी त्याच्याच हुकमानं पुसलं गेलं असतं.

चित्रण एका जागी नव्हतं. ते तुकड्यातुकड्यांनी तिन्ही संगणकांत वाटलेलं होतं आणि ते सांधायला तीच व्यवस्था पुन्हा उभी करावी लागणार होती. मित्रानं डिस्क काढून त्यांच्या दोन-दोन नकला करून दिल्या. मी एक जुना संगणक घेतला आणि दुपारी कॉलेजातून आल्यावर त्यावर शिकायला बसू लागले. त्या व्यवस्थेची भाषा मला सुरुवातीला सोसवत नव्हती. अमुक काम मारलं, तमुक यंत्रावरून सगळ्यांना हुसकून लावलं, अशा नोंदी पडद्यावर सरळ येत. मी त्या वहीत मराठीत उतरवून घेई आणि काही शब्दांशी हात थांबे.

पहिली नक्कल भावाच्या तीन संगणकांत बसवून सुरू केली आणि मी ती घालवली. मला वाटलं, सुरू झाल्यावर पुसण्याचं काम थांबवायला वेळ मिळेल. तो मिळाला नाही. चित्रणाच्या तारखांची यादी वरून खाली भराभर रिकामी होत गेली आणि मी पडद्यावर तळहात दाबून धरला, जखमेवर धरतात तसा.

दुसऱ्या वेळी मित्रानं युक्ती सांगितली. आधी एकट्या मुकादमाला उठवायचं, गडी, म्हणजे बाकीची यंत्रं, झोपलेलेच ठेवायचे. हुकूम असतो, पण तो पाळायला कुणी नसतं. तेवढ्यात हुकूम मागे घ्यायचा आणि मग एकेक गडी उठवायचा. मी तसं केलं. सगळे गडी उठले. तारखांची यादी तशीच राहिली.

त्या दिवसाची अकरा मिनिटं मी एकटीनं पाहिली.

चुलतभाऊ बांधावरचे दगड उपटून आमच्या बाजूला सरकवत होते. भाऊ गाडीवरून आला. त्यांच्यातल्या थोरल्याशी काही बोलणं झालं. मग भाऊ मोटारीच्या खोलीत गेला, खोऱ्याचा दांडा घेऊन बाहेर आला आणि त्यानं थोरल्याच्या कानशिलावर तो दोन्ही हातांनी हाणला. थोरला गुडघ्यांवर बसला. भावानं पुन्हा हाणला. तेव्हा बाकीचे दोघे धावले. चौथ्या मिनिटाला माझा भाऊ खाली पडला. त्यानंतर सात मिनिटं ते मारत होते. एकजण दमून बाजूला झाला, त्यानं लुंगीनं तोंड पुसलं आणि परत येऊन मारायला लागला.

चुलतभाऊ पहिल्या दिवसापासून सांगत होते, आधी त्यानं मारलं. त्यावर गाव थुंकलं होतं. आप्पांनी पोलीस ठाण्यात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, माझ्या पोरानं जल्मात कुणावर हात उचलला न्हाय.

मी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि मगच आप्पांना वर बोलावलं. त्यांनी उभ्यानंच पाहिलं.

"पयली चार मिंटं काट," ते म्हणाले.

"न्हाय आप्पा."

"काट म्हणतो न्हवं! पडल्यापासनं दे. पोर मेलं ते तरी खरंच हाय न्हवं?"

"ते खरं हाय. पयलंबी खरं हाय."

त्यांनी माझ्या तोंडात मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. ओठ फुटला. ते खाली गेले आणि कुऱ्हाड घेऊन वर आले. तिन्ही संगणक त्यांनी फोडले, माझाही फोडला, मग भिंतीतली तार घाव घालून उपटली. मी दारात उभी होते. अडवलं नाही. पत्रा आत दबताना माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज येत होता. पहिली चार मिनिटं मेली असं वाटेपर्यंत ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बसनं बेळगावला जाऊन मी पेन ड्राइव्हवरचं पूर्ण चित्रण ठाण्यात दिलं. लिहून घेणाऱ्यानं कन्नडमध्ये विचारलं, काही काढलंय का यातलं? मी नाही म्हणाले आणि सही केली.

परत आले तेव्हा आप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. माझ्या सुजलेल्या ओठाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"दिलीस?"

"व्हय."

"समदं?"

"समदं."

ते म्हणाले, "गाडीवरनं उतारला तवा त्येच्या हातात काय न्हवतं गं."

"न्हवतं."

"मग थोरला कायतरी बोलला त्येला. तोंड हाललं त्येचं. मी बगितलं."

"व्हय. पर आवाज न्हाय त्यात, आप्पा."

"माज्यावरनं बोलला असंल? मला शिवी दिली असंल, म्हणून ह्येनं—"

"ठावं न्हाय आप्पा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी व्हय म्हणावं याची ते वाट पाहत होते. मला ते म्हणता आलं असतं. ते न म्हणता मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.