लेकीचा उजवा गाल

सुरुवातीला पुरळ फक्त गालावर होतं, उजव्या गालावर, रुपयाएवढं. लेक तेव्हा वर्ष-सव्वा वर्षाची होती. दात येताहेत, लाळ गळतेय, त्यानंच झालं असेल म्हणून मी खोबरेल तेल लावून मोकळी झाले. मग ते कानामागे गेलं, तिथून मानेच्या घडीत आणि तिथून उजव्या हाताच्या कोपरापर्यंत. बारीक, पाणी भरलेले फोड. ती खाजवायची, फोड फुटायचे, खपली धरली की पुन्हा खाजवायची. हातमोजे घातले तर दातांनी ओढून काढायची आणि माझ्याकडे बघून विजयी हसायची.

कॉलेज रोडवरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, मलम दिलं आणि सांगितलं, "घरातलंच काहीतरी लागतंय तिला. मलमानं दबेल, पण कारण सापडलं नाही तर परत येईल. आणि हे डोळ्याच्या कडेला पोचलं, तर वाट बघायची नाही. लगेच ऍडमिट करू."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. सकाळी उठलं की आधी तिला खिडकीपाशी न्यायचं आणि डोळा व चट्टा यांच्यामध्ये किती जागा उरलीय ते बोटानं मोजायचं. कधी दोन बोटं उरायची, कधी जेमतेम दीड.

घरात मी फौजदारच झाले. अंडं बंद, शेंगदाणे बंद. साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली, झुरळं मारायचा खडू फेकून दिला, नवऱ्याचा सेंट बाल्कनीत हद्दपार केला. "मी पण बाल्कनीत झोपू का?" असं त्यानं विचारलं, तर मी गंभीरपणे विचार करतेय हे बघून त्यानं विषयच बदलला. तिचं अंथरूण-पांघरूण मी एक दिवसाआड गरम पाण्यातून काढत होते. चादर, दुपटी, तिची गोधडी, सगळं घासूनपुसून गच्चीवर कडक उन्हात. एवढी स्वच्छता करूनही पुरळ वाढतच होतं, आणि जितकं वाढत होतं तितकी मी जास्त धूत होते.

अधूनमधून दिंडोरीहून सासूबाई यायच्या. त्यांची द्राक्षबाग गावाला, आम्ही नाशकात इंदिरानगरला फ्लॅटमध्ये. येताना पिशवीत मेथी, कोथिंबीर, घरचं तूप. एकदा अशाच आल्या तेव्हा नातीला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "दृष्ट लागली माझ्या बायला. लय गोरी हाय ना." मीठ-मोहऱ्या उतरवून त्यांनी गॅसवर टाकल्या आणि घरभर ठसका झाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आई, धूर नको. तिची कातडी सोलून निघालीय आणि तुम्ही मिरच्या जाळताय."

"मिरच्या नाय, मोहऱ्या," त्या म्हणाल्या.

तूप मी तसंच परत पिशवीत ठेवलं. डॉक्टरांनी घरातल्या कशावर तरी संशय घ्यायला सांगितलं होतं आणि माझा संशय आता त्या पिशवीवर आला होता. त्यांनी ते बघितलं. "माझ्या गाईचं तूप हाय. तुझ्या नवऱ्याला त्याच्यावरच वाढवलाय," एवढंच बोलून त्या उन्हातच बसस्टँडकडे निघाल्या. नवरा त्यांना सोडायला गेला.

नंतर एका शुक्रवारी आम्ही माझ्या माहेरी, नाशिकरोडला गेलो. निघताना गोधडी ओलीच होती, म्हणून दोरीवरच राहिली. पहिल्या दिवशी लेक तिच्यासाठी रडली, मग माझ्या आईच्या जुन्या शालीत झोपायला लागली. आणि गाल उतरला. सोमवारपर्यंत फोड सुकले, लाली फिकट झाली, डोळ्यापासून चांगली दोन बोटं जागा मोकळी झाली. आईनं लगेच निकाल दिला, "तुमच्याकडचं पाणी वाईट आहे." मला तो पटला. घरी परतल्यावर लेकीच्या आंघोळीसाठी मी पाण्याचे जार मागवले. नवरा म्हणाला, "म्हैस पाळली असती तरी याहून स्वस्त पडलं असतं." मी हसले नाही.

जारच्या पाण्यानं आंघोळ घालून दुपारी तिला तिच्या गोधडीवर झोपवलं. उठली तेव्हा गाल पुन्हा लालभडक, आणि या वेळी चट्टा थेट खालच्या पापणीला टेकला होता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सकाळी घेऊन या, राहायच्या तयारीनं या.

बॅग भरायला घेतली आणि अर्धवटच ठेवली. लेक रडून रडून पुन्हा झोपी गेली होती, मी तिच्याजवळ बसून राहिले. ती नेहमीसारखीच झोपली होती: उजव्या कुशीवर, उजवा हात गालाजवळ पसरलेला, डावा अंगठा तोंडात. लाळेनं गोधडीवर ओला डाग पडला होता. मी डागाकडे बघितलं, मग गालाकडे. गाल, कान, मान, हात. डाव्या बाजूला कुठेच काही नाही. जे जे गोधडीला टेकत होतं, तेवढंच पेटलं होतं. इतके दिवस मी तिला उजेडात नेऊन बघत होते, झोपेत कधी बघितलंच नव्हतं.

मी वाकून त्या ओल्या डागाचा वास घेतला. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा, कडवट. हा वास लाळेचा नव्हता, साबणाचा तर नव्हताच.

नवऱ्याला बोलावलं. त्यानं वास घेतला आणि तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "हा आमच्या गावच्या औषधांच्या खोलीतला वास आहे. फवारणीच्या."

गोधडी सासूबाईंनी शिवली होती, नातीच्या बारशाला. वरचा थर त्यांच्या स्वतःच्या सुती साडीचा, मऊसूत. पण गोधडीला आत चार-पाच थर लागतात आणि सुती साड्या आता कोण नेसतंय? जुन्या साड्या होत्या त्या बागेत. दिंडोरीकडे द्राक्षाच्या घडांना ऊन लागू नये, पाखरांनी टोचू नये म्हणून ओळींच्या बाजूनं जुन्या साड्या बांधतात. भांडीवाल्याकडून गठ्ठ्यानं आणलेल्या या साड्यांवर हंगामभर सगळी फवारणी बसते, गंधक काय, मोरचूद काय. काढणी झाली की त्यांची गाठोडी बांधून औषधांच्या खोलीत ठेवतात. त्यातल्या चांगल्या मऊ बघून सासूबाईंनी गोधडीच्या पोटात घातल्या होत्या.

मी ब्लेडनं एक बाजू उसवली. आतल्या साडीवर पिवळे फराटे होते, हिरवट-निळे ठिपके होते आणि एका घडीत द्राक्षाचं वाळकं पान अडकलं होतं. दात येतानाच्या लाळेनं ते भिजायला लागलं होतं, आणि मी गरम पाणी घालून घालून तेच सगळं वरच्या थरात, लेकीच्या गालापर्यंत आणत होते.

डॉक्टरांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, गोधडी लांब ठेवा, मलम चालू ठेवा, दोन दिवस बघू. गोधडीशिवाय ती रात्र आणि पुढचा दिवस गेला, आणि पापणीवरची लाली ओसरायला लागली. मी न्हाणीत जाऊन रडले. रडून झाल्यावर मात्र मला सासूबाईंचा इतका राग आला, की त्यानंतरच्या सकाळी गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लेकीला कडेवर घेऊन मी गाडीत जाऊन बसले. नवरा म्हणाला, "मी सांगतो आईला हळूच." मी म्हणाले, "हळूच नाही सांगायचं."

दिंडोरीला सासूबाई दारातल्या ओट्यावर कांदे निवडत बसल्या होत्या, साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालून, बागेतल्या सगळ्या बायका घालतात तसा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाक्यं वाटेत घोकून ठेवली होती, त्यातलं एकही सौम्य नव्हतं.

"झटकून घेतल्या व्हत्या की," त्या म्हणाल्या. "आत जायच्या व्हत्या. वरून माझी चांगली साडी लावली."

मी उसवलेली बाजू त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोटानं तो हिरवट डाग चोळला, नातीच्या गालाकडे बघितलं, पुन्हा डागाकडे. त्यांचा चेहरा उतरला. माझ्यामुळं झालं का, असं त्या विचारतील असं मला वाटत होतं आणि त्याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. त्यांनी तसं विचारलं नाही. शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"मग हे पण त्याचंच का गं?"

मनगटापासून वर कातडी काळी पडलेली, जाड झालेली, भेगाळलेली, मध्ये मध्ये ओले फोड. लेकीच्या गालावर होते तेच, फक्त खूप जुने.

"समद्या बायांना असतं," त्या म्हणाल्या. "बागेची खाज म्हणतो आमी. पाऊस लागला की जरा बरं पडतं." आणि बाही खाली घेऊन पुन्हा कांदे निवडायला लागल्या.

राग कुठल्या कुठे गेला. उरली ती लाज, आणि भीतीही. आम्ही त्यांना त्याच गाडीतून घेऊन आलो. दवाखान्यात त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, नात मांडीवर. डॉक्टरांनी लेकीचा गाल बघितला, "छान, आता काळजी नाही," म्हणाले, आणि मग सासूबाईंचा हात दिव्याखाली घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

"आजी, हे कधीपासून आहे?"

सासूबाईंनी आधी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, बोलू का नको असं. मग म्हणाल्या, "लग्न होऊन बागेत आले ना, तवापासून."