काटा मी बंद पाडला आणि रांगेत आबा उभे

मित्रांनो, आज तोंड लपवावंसं वाटतंय.

कडेगावजवळच्या एका साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावरचा प्रोग्रॅम माझी लायब्ररी, म्हणजे मी लिहिलेला तयार कोड, वापरतो. काट्याचं वजन ज्या नेटवर्क कार्डातून कंप्युटरला मिळतं, त्या कार्डाची माहिती ती त्याला देते. दर वेळी कार्डाला नव्यानं विचारण्यात वेळ जायचा, म्हणून मी कॅशिंग घातलं. एकदा विचारायचं आणि लक्षात ठेवायचं. त्यासाठी माहितीच्या रांगेत एक नवी जागा लागत होती. ती शेवटी जोडायची असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी दिसायला नीट दिसेल म्हणून मधेच घुसवली.

सकाळी घरी बसूनच कारखान्याच्या कंप्युटरवर नवी लायब्ररी चढवली. प्रोग्रॅम जुनाच, त्याला जुन्या जागा पाठ. मागचं सगळं सरकलं, चालू कार्ड त्याला बंद दिसलं आणि काटा थांबला.

तेवढ्यात आबांचा, म्हणजे वडिलांचा फोन. आमचाच ऊस घेऊन ते तिथं रांगेत होते.

"आरं, काटा बंद पडलाय. उन्हात ऊस वाळाय लागलाय. तू कंप्युटरवाला, काय झालं आसंल रं?"

"बघतो," म्हणालो आणि गुपचूप जुनी लायब्ररी परत ठेवली.

पुन्हा फोन. "झाला बघ चालू! कुनीतरी लय हुशार मानूस बसलाय तिथं."

मी "व्हय" म्हणालो.

संध्याकाळी आबा घरी येतील. त्यांना समजावणं अवघड नाही. रांगेत मधेच घुसणाऱ्याला ते काय म्हणतात, ते सगळ्या गावानं ऐकलंय.

तुम्ही जेवणाआधी सांगितलं असतं की नंतर?