लोरीनचा नवा ट्रेलर

कॅन्ससमधल्या हेज गावची लोरीन स्टकी तीस वर्षं लोकांचे ट्रॅक्टर वाहून नेत होती. विकणाऱ्याच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पिकअपच्या हौद्यात मान अडकवून ओढायचा तिचा गूजनेक ट्रेलर गंजला, तेव्हा मागे रॅम्प असलेला तसलाच नवा घ्यायला ती दुकानात गेली.

"बाई, त्यापेक्षा हा कलणारा घ्या," विक्रेता डॅरेल म्हणाला. "अख्खा तळच मागे कलतो. रॅम्प उचलायची कटकट नाही."

"का रे, खपत नाहीये वाटतं?"

"खपतोय की. तुमच्या कमरेचा विचार करून म्हणालो."

"माझ्या कमरेची काळजी तुला कधीपासून?"

जुन्या ट्रेलरवरून तिनं मुद्दाम एक ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या पोटाखाली गवत कापायचं यंत्र होतं.

"रॅम्पवाल्यावर आणि या कलणाऱ्यावर, दोन्हींवर तूच चढवून दाखव," ती म्हणाली.

रॅम्प जिथं तळाला मिळतो, त्या उंचवट्याशी ते यंत्र करकरत घासलं. कलणाऱ्या तळावर मात्र ट्रॅक्टर अलगद चढला, आणि त्याच्या वजनानं तळ हळूहळू सपाट झाला. लोरीननं दोनदा परत चढवायला लावला, मगच होकार दिला.

तरीही निघण्याआधी तिनं आपला पाना काढून बिजागरीचा एकेक बोल्ट आवळून बघितला.