धुतलेली द्राक्षं

मी आज जे काम करतो, ते नाशिकच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडममुळे. द्राक्षांची पेटी उघडली, की मला त्यांचा क्लासच आठवतो. बी.कॉम. होऊन चांदवडहून आलेल्या मला त्यांनी वेबसाइटसाठी फोटो सुधारायला शिकवलं आणि निफाडच्या एका बागायतदारांच्या साइटसाठी त्यांच्या द्राक्षांचे फोटो सोपवले. ते पसंत पडले तर मला कामावर ठेवणार होत्या. मी दोन दिवस खपून एकेक मणी चकचकीत केला आणि स्वतःवरच खूश झालो. बागायतदारांनी क्लासमध्ये येऊन स्क्रीनकडे पाहिलं. “मॅडम, पोरानं द्राक्षं धुतली की. वरची पांढरी भुकटी कुठं गेली? ती पुसलेला माल शिळा दिसतो, गिऱ्हाईक हात नाय लावणार.” आमच्या कांद्याच्या गावात वाढलेला मी, ती भुकटी मला धूळ वाटली होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, “मूळ फोटोला हात लावला नाहीस ना? वरच्या वेगळ्या लेअरवर केलंस? मग तो लेअर बंद कर.” मी क्लिक करून वरचा तो थर बंद केला आणि क्षणात सगळ्या घडावर भुकटी परत आली. “आत्ता तोडल्यासारखी दिसतात,” बागायतदार हसले, “ठेवा याला.” पुढे सुट्टीत गावी गेलो, तेव्हा समोर बोलता आलं नसतं म्हणून मॅडमना पत्र लिहिलं: ‘मी काय काम करतो, हे वडिलांना सांगून कळत नव्हतं. काल सायबर कॅफेत त्यांना ती साइट दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, माल लय ताजा हाय.’