पाचवी चिंधी

माझ्या सासूबाई आंधळ्या होत्या, आणि त्यांच्यापासून काही लपवायचं म्हणजे डोळस माणसापासून लपवण्यापेक्षा अवघड. लग्न होऊन आल्या आल्याच मला हे कळलं होतं. तरी मी लपवलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

त्यांना मी आत्या म्हणायची. सोलापुरातल्या एका गिरणीत सूत गुंडाळण्यात त्यांची निम्मी उमर गेली. मग मोतीबिंदू वाढला आणि नजर गेली. बोटं मात्र शाबूत. धागा चिमटीत धरला की हातमागाचा का गिरणीचा ते सांगून मोकळ्या. मी अक्कलकोटाकडच्या खेड्यातली. मला कापडाच्या दोनच जाती ठाऊक, अंगावरचं आणि ठेवणीतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पुढ्यात बसवलं आणि हातात एक तुकडा दिला.

"डोळं मीट. काय हाय?"

"कापड."

"कापड हाय ते मलाबी कळतंय की गं. आंधळी हाय मी, येडी न्हाय. कंचं कापड?"

मनगट धरून ठेवायच्या. नाव सांगितल्याशिवाय हात सोडायच्या नाहीत. मांजरपाट खरखरीत, त्यातली खळ अंगठ्याला लागते. लंकलाट सपाट, त्यावरून बोट घसरतं. खणाच्या उलट्या बाजूला बारीक धागे बोटाला लागतात. फलालिनीला लव. चीट धुवट झाली तरी छापलेल्या फुलाची जागा जरा कडक राहते. चुकलं की मांडीवर चापट. सहा महिन्यांत मी डोळे मिटून सगळी ओळखायला लागले आणि मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू!

पण त्यांची एक गोष्ट मला सोसायची नाही. आजारी माणसाचं कापड त्यांना आधी कळायचं. शेजारणीचं वाळलेलं लुगडं घडी करता करता थांबायच्या, आणि चार दिवसांनी ती बाई अंथरुणाला खिळायची. त्या म्हणायच्या, "घाम सुतात बसतो गं, त्यात काय नवल!" मला नवल वाटायचं नाही, भीती वाटायची. माझा पहिला मुलगा दीड महिन्याचा असताना त्यांनी त्याच्या झबल्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता उठून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. पाचव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी अढी बसली. कळलं होतं तर बोलल्या का नाहीत?

तान्ह्या पोराला जाळत नाहीत, ओढ्याकाठी पुरतात. आत्यांनी आपलं लग्नातलं लुगडं काढलं. विणकराचा धागा तुटून पदराजवळ एका ओळीत तीन गाठी पडलेल्या होत्या, ते लुगडं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांनी ते मधोमध फाडलं. बिनपदराचा अर्धा भाग पाणी गाळायच्या फडक्यांना ठेवला, आणि पदराच्या अर्ध्यात माझ्या पोराला आपल्या हातानं गुंडाळलं. नवरा दारात उभा होता. मी म्हटलं, एकदा मला द्या, आत नेते. खोलीत गेले, दार लोटलं आणि त्याच्या अंगावरचा पदर काढून घेतला. पदराला त्याच्या दुधाचा वास लागला होता. पोर जाणार त्याला माझा इलाज नव्हता, पण तो वास मातीत घालवायचा नव्हता मला. हाताला लागेल त्या फडक्यात त्याला गुंडाळलं आणि बाहेर दिलं. पदर माझ्या पेटीच्या तळाशी गेला. आत्यांनी त्यानंतर पोराला हात लावला नाही, म्हणून निभावलं.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. सातव्या महिन्यात आत्यांनी फर्मान काढलं. जिचं पहिलं मूल जगलं नाही, तिनं नांदती मुलं असलेल्या पाच घरांतून जुनी चिंधी मागून आणायची, आणि त्याचं दुपटं शिवून बाळाला त्यात घ्यायचं. पाचवीपर्यंत अंगाला कोरं लावायचं नाही. चार घरं नीट झाली. शेजारच्या मुसलमान मावशींनी तर लेकाच्या लेंग्याचा तुकडा देऊन "जीता रहेगा, बेटी" म्हणत डोक्यावर हात ठेवला. पाचव्या घरच्या बाईनं मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणाली, "तुझ्या हातात माझ्या पोराचं कापड देऊ? हात जोडते, जा." आणि खरंच हात जोडले हो तिनं! मी भर उन्हात रडत परत आले. हे घरी सांगायची लाज वाटली. सहावं घर धरायचं तर तिथं असंच झालं तर? मी पेटी उघडली, पदराची एक वीतभर पट्टी फाडली आणि चार तुकड्यांत सरकवली. आंधळ्या बाईला काय दिसणार, असा विचार मी केला. ज्या बाईनं मला कापड शिकवलं, तिच्याबद्दल!

दुपारची वेळ होती. गल्लीतले माग चालू होते. आत्या ओसरीवर एकेक तुकडा बोटांनी बघून ठेवत होत्या. "लंकलाट. चीट. हे धोतराचं. हे फलालीन, पुण्यवान दिसतंय घर." पाचवा उचलला आणि त्यांचा अंगठा थांबला. एक गाठ. दुसरी. तिसरी. 

"हे कुटनं आलं?"

मी पाचव्या घराचं नाव सांगितलं.

"न्हाय. हे वर कसं आलं?"

त्या दिवसापासून त्यांनी भाकरीला हात लावला नाही. जमिनीवर तळवे टेकून बसायच्या आणि मान कलती करून ऐकत राहायच्या. पुटपुटायच्या, "कुणी काढलं गं त्याच्या अंगावरनं? उघडं पडलंय लेकरू. थंडी वाजत असंल त्याला." गल्लीतले माग जेवायच्या सुट्टीला थांबायचे तेव्हा मलाही मातीखालून काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटायचं. पोटातलं हालायचं आणि मी दचकायची. तिसऱ्या दिवशी त्या काठी घेऊन निघाल्या. म्हणाल्या, ओढ्यावर जाऊन उकरून बघते, पुन्हा झाकून येते. मग मात्र माझा धीर सुटला. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडेल. आत्या खाली बसल्या. एवढंच विचारलं, "मग त्याला कशात गुंडाळलंस?"

मी तोंड उघडलं. नाव येईना.

त्यांनी माझं मनगट धरलं, पहिल्या आठवड्यात धरायच्या तसंच. "डोळं मीट. आठव."

मी डोळे मिटले. त्याचं वजन आठवलं. गार टाच आठवली. कापड आठवेना. मांजरपाट म्हणावं तर खरखर नाही, मलमल म्हणावं तर मऊपणा नाही. बोटांखाली काहीच नव्हतं. गिरणीचा भोंगा होईपर्यंत त्यांनी हात धरून ठेवला आणि मग सोडला. मी नाव न सांगताही सोडला, तो एकदाच.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "गुंडाळलेला व्हता एवढं खरं. मी पोराचं तोंड बघत व्हतो, कापड कोन बघतंय?" मग दांडी, पेट्या, बोचकी उलटीपालटी केली. घरातलं एकेक कापड आत्यांना मुखोद्गत होतं. त्यांनी सगळ्यांवर हात फिरवला. एक फडकंसुद्धा कमी नव्हतं.

ती पाचवी पट्टी आत्यांनी टाकू दिली नाही. "भावाचं हाय, असू दे," म्हणाल्या आणि चाचपडत स्वतः टाके घातले. गाठी वरच्या अंगाला ठेवल्या. मला मुलगी झाली. त्या दुपट्यात वाढली, ठणठणीत जगली. आत्या पुढं सात-आठ वर्षं होत्या. घरात कसलंही नवं कापड आलं की चिमटीत धरून हळूच विचारायच्या, "हे तर न्हवं?" मी नाही म्हणायची.

आता त्या नाहीत. मीच म्हातारी झाले. लेक मला कापडाच्या दुकानात नेते, दुकानदार ठाण उलगडतो, मी डोळे मिटून चिमटीत धरते, सोडते, दुसरं मागते. लेक कौतुकानं सांगते, आमच्या आईला कापडाची फार पारख. मी तिला सांगू देते. पोराला शेवटचं जवळ घेऊन मी पाठीवरून हात फिरवला होता, एवढं मला पक्कं आठवतं. हाताखाली काय होतं, ते अजून आठवत नाही.