राखेतल्या नळ्या

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या शाळेत गॅदरिंग माझ्या नकलांशिवाय व्हायचंच नाही. हेडमास्तरांची नक्कल मी त्यांच्या तोंडावर करायचो आणि ते रुमालात तोंड खुपसून हसायचे. न हसणारा एकच, माझा बेंचवाला. तो विंगेत माझी खोटी मिशी आणि काठी सांभाळत उभा असायचा. आठ वर्षांनी ह्याच मिशी सांभाळणाऱ्याने माझा जीव जाळला.

झालं असं की मी डोंबिवलीत एका सर्व्हेअर साहेबांकडे कामाला लागलो. कुठे आग लागली, पाणी शिरलं की विमा कंपनी सर्व्हेअरला पाठवते. त्याने बघायचं, मोजायचं आणि नुकसान जेवढं झालंय तेवढंच लिहायचं. मी टेप धरायचो, फोटो काढायचो, जळका माल मोजायचो. आणि हा बेंचवाला नेमका समोरच्या बाजूला. ज्याचं जळलंय त्याचे कागद लावून द्यायचे, मालाची यादी करायची, त्याच्या वतीने आमच्या साहेबांशी बोलायचं, हा त्याचा धंदा.

राख तीच, दोघांच्याही नाकात जायची. पण त्याला पार्टी थंडा पाजायची आणि मला पाणी, तेपण मागितल्यावर. त्याला बायका ‘भाऊ’ म्हणायच्या. मला? ‘अहो, ते कंपनीचे आलेत, कपाट लावून घ्या.’ जसं काय मी कपाट उचलून नेणार होतो! त्याने स्कूटर घेतली त्या दिवशी आई बोलली, ‘तो बघ, किती शांत मुलगा. आणि तू माकडचेष्टा कर.’

हे सगळं मी गिळलं असतं. पण एकदा साहेब त्याची यादी हातात धरून मला बोलले, ‘बघ, ह्याला म्हणतात काम. तुला नकलांशिवाय काय येतं रे?’

त्यानंतर काही दिवसांनीच एमआयडीसीतला छत्र्यांचा गाळा जळला. मे महिना, सीझनचा सगळा माल तयार होऊन आत पडलेला. एका जोडप्याचा कारखाना. नवऱ्याचे दोन्ही हात भाजलेले, तो कल्याणला हॉस्पिटलात. तिथे पडल्यापडल्याच त्याने माझ्या बेंचवाल्याला काम दिलं. मालाचं रजिस्टरही जळालेलं. म्हणजे छत्र्या किती होत्या ते आता राखच सांगणार होती.

सर्व्हे उद्या सकाळी दहाला. चिठ्ठी मीच त्याच्या बायकोला देऊन आलो. बेंचवाल्याला फोन करायचा होता, तोही मीच करणार होतो. त्याची एक सवय मला माहीत होती. सर्व्हेच्या आधी दोन तास पोचायचं, जळक्या मालाभोवती सुतळी बांधायची आणि पार्टीला दम द्यायचा, ‘कुणी झाडूसुद्धा लावायचा नाही.’ साहेबांचं कौतुक तिथूनच सुरू व्हायचं.

मी पीसीओत शिरलो आणि साहेबांचा आवाज काढला. आधी त्यांचा खोकला, मग, ‘उद्याचं दुपारी चारला ठेवलंय,’ आणि शेवटी त्यांचं नेहमीचं, ‘असं असतं बघा.’ तो तिकडून अदबीने, ‘हो साहेब. येतो साहेब.’ मला हसू दाबता दाबेना. म्हटलं, एक दिवस तुझ्याशिवाय मोजणी होऊ दे, मग कळेल साहेबांना कोणाला काय येतं.

सकाळी गेलो तर गाळ्याच्या दारात रांगोळी.

आतली लादी धुतलेली. भिंती काळ्या, पण जमीन लखलखीत. कोपऱ्यात उदबत्ती लावलेली. ती बाई डोक्यावर पदर घेऊन उभी. ‘या साहेब. चपला असू द्या.’

साहेबांनी सगळीकडे मान फिरवली. ‘माल कुठाय?’

‘टाकला ना! आम्ही तिघी सकाळी सातपासून लागलेलो. तुम्ही पहिल्यांदा येणार, तुम्हाला काय ती घाण दाखवायची?’

साहेबांना खरोखरचा खोकला लागला. मग हळू आवाजात बोलले, ‘ताई, मला तीच घाण बघायची होती. दिसेल तेवढंच मी लिहू शकतो. इथे काहीच दिसत नाहीये.’

ती आधी हसली. तिला वाटलं, मोठी माणसं करतात तशी गंमत असेल. मग माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून तिला कळलं. ती धुतलेल्या लादीवर खालीच बसली. ‘ह्यांना काय सांगू मी?’

‘कुठे टाकलंत?’ मी विचारलं.

‘मागच्या खड्ड्यात. लोखंड होतं ते भंगारवाला घेऊन गेला.’

साहेब बोलले, चारपर्यंत परत येतो, काय दाखवता येतंय बघा. मी आधी भंगारवाल्याकडे पळालो. त्याने दोन पोती दाखवली.

‘तिसरं?’

‘वो तो सुबह के टेम्पो में गया, बॉस.’

दोन पोती ओढत खड्ड्यापाशी आणली. छत्रीचं कापड जळतं, मूठ वितळते, काड्यांचा असा गुंता होतो की देवालाही मोजता येणार नाही. पण छत्री उघडताना आपण वर सरकवतो ना, ती पत्र्याची नळी उरते. एका छत्रीला एकच. मी राखेत मांडी घालून बसलो आणि काड्यांतून नळ्या सोडवायला लागलो. शंभराचा एक ढीग. ती बाई समोर बसून चाळणीने राख चाळत होती. मध्येच बोलली, ‘तुमचं काम नसताना करताय हो.’ मी वर बघितलंच नाही.

दोनला स्कूटर आली, चारच्या सर्व्हेला दोन तास आधी. तो रांगोळीपाशी थांबला, धुतलेली लादी बघितली, मग मागे येऊन माझे काळे हात बघितले. मला वाटलं, आता देतो एक. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शेजारी बसला.

‘फोनवर खोकला जरा जास्त झाला रे,’ एवढंच बोलला. ‘सरक तिकडे.’

साहेब आले तेव्हा सदतीस ढीग लागलेले आणि वर थोड्या सुट्या नळ्या. साहेबांनी कुठलेही तीन ढीग स्वतः मोजून बघितले. बरोबर निघाले.

‘अजून एक पोतं होतं साहेब,’ तो बोलला. ‘टेम्पोत गेलं. भंगारवाला लिहून देईल.’

‘पोतं मी बघितलंय का?’

‘नाही.’

‘मग कसं लिहू? असं असतं बघा.’

तो खूप वेळ भांडला. ती बाई कधी ह्याच्या तोंडाकडे, कधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी ढिगांकडे बघत होतो. तेव्हा तोंड उघडून बोलायला हवं होतं, की साहेब, सुतळी बांधणाऱ्याला मीच अडवला. नाही बोललो. त्यानेही माझं नाव घेतलं नाही. त्या पोत्यातल्या छत्र्या कागदावर कधी आल्याच नाहीत.

परत येताना साहेब मला बोलले, ‘तो आला म्हणून निभावलं. नाहीतर तुझ्या भरवशावर बाई बुडालीच होती.’ सदतीसच्या सदतीस ढीग मी एकट्याने लावले असते तरी ते हेच बोलले असते.

क्लेम पास झाला, अर्थात त्या पोत्याविना. नवरा-बायको त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. नवऱ्याच्या हातांची पट्टी तोपर्यंत निघालेली. संध्याकाळी तो बॉक्स घेऊन हा आमच्या दारात. आई लगेच, ‘ये रे बाळा, बस.’ मला ती शेवटचं बाळा कधी बोललेली, आठवत नाही.

‘निम्मे तुझे,’ तो बोलला. आणि मग, शाळेपासून पहिल्यांदाच, ‘साहेबांचा आवाज काढ ना एकदा.’

मी खोकलो. पुढचं येईना.

तो हसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं, आणि तेही माझ्या नकलेला नाही. मी दोन पेढे एकदम तोंडात कोंबले. चांगले होते, ह्याचाही राग आला.